चौकट आणि अक्षर : लिनक्स टर्मिनलवरील अनियमित दृश्यदोषांचा इतिहास आणि मराठी लिपी
(विशेष संदर्भ : बीड जिल्ह्यातील तालुक्यांची नावे)

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासाचे लेखन बहुधा यंत्रांच्या वाढत्या वेगाचे व क्षमतेचे लेखन असते. यंत्रात राहून गेलेल्या दोषांचा इतिहास क्वचितच लिहिला जातो. वस्तुतः एखाद्या व्यवस्थेची जडणघडण तिच्या दोषांतूनच अधिक स्पष्टपणे वाचता येते. लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीच्या आज्ञा-पटलावर, म्हणजेच टर्मिनलवर, मधूनच उद्भवणारे आणि मधूनच नाहीसे होणारे दृश्यदोष हे याचे उत्तम उदाहरण होय. टंकलेली ओळ स्वतःवरच लिहिली जाते, अक्षरांच्या जागी रेघांची नक्षी उमटते, कर्सर एका जागी दिसतो व अक्षर दुसऱ्याच जागी खोडले जाते, मराठी नावांचा तक्ता वाकडा होतो. असे दोष सतत दिसत नाहीत. म्हणूनच त्यांचे खापर कधी यंत्रावर, कधी वीजपुरवठ्यावर, तर बहुतेक वेळा वापरणाऱ्याच्या अज्ञानावर फोडले जाते.

हे दोष आकस्मिक नाहीत, असे प्रस्तुत शोधनिबंधाचे प्रतिपादन आहे. दूरटंकयंत्राच्या काळात 'एक संकेत, एक अक्षर, एक घर' असे एक गृहीतक रुजले. ते रोमन लिपीला साजेसे होते. पुढे यंत्रे बदलली, पण गृहीतक टिकून राहिले. देवनागरी लिपी या चौकटीत आली तेव्हा तिचा व चौकटीचा मेळ बसला नाही. ज्या जिल्ह्याचे महसुली व सामाजिक दप्तर गेल्या दीडशे वर्षांत मोडी, उर्दू व देवनागरी अशा तीन लिप्यांतून गेले आहे, त्या बीड जिल्ह्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. नोंद अस्तित्वात असूनही ती वाचता येत नसेल, तर तिचा उपयोग शून्य ठरतो.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. टर्मिनलच्या घडणीतील ऐतिहासिक टप्पे व त्यांतून आलेली गृहीतके स्पष्ट करणे.
२. भारतीय लिप्यांसाठी, विशेषतः पुण्यात, झालेल्या प्रयत्नांचा आढावा घेणे.
३. बीड जिल्ह्यातील ११ तालुक्यांच्या नावांच्या आधारे देवनागरी व चौकट यांतील विसंगती दाखविणे.
४. अनियमित दृश्यदोषांच्या निदानाची क्रमबद्ध रीत मांडणे.

चौकटीचा जन्म : दूरटंकयंत्र ते व्हीटी-१००

लिनक्समध्ये टर्मिनलला आजही 'टीटीवाय' म्हणतात. हा टेलिटाइप या शब्दाचा संक्षेप आहे. टेलिटाइप कॉर्पोरेशनचे 'मॉडेल ३३' हे दूरटंकयंत्र १९६३ मध्ये आले. 'आस्की' ही संकेतप्रणालीही त्याच वर्षी प्रथम प्रमाणित झाली. हे यंत्र सेकंदाला १० अक्षरे कागदावर उमटवीत असे, एका ओळीत ७२ अक्षरे बसत, आणि त्यात रोमन लिपीतील केवळ मोठी अक्षरे होती. प्रत्येक अक्षराची रुंदी समान होती. एक संकेत आला की टंकशीर्ष एक घर पुढे सरके. यंत्राच्या दृष्टीने लेखन म्हणजे एवढेच होते.

या यंत्राच्या काही खुणा आजही जिवंत आहेत. कागदी फितीचे वाचन थांबविण्यासाठी व पुन्हा सुरू करण्यासाठी दोन नियंत्रण-संकेत ठरविले होते. आजच्या कळफलकावर ते कंट्रोल-एस व कंट्रोल-क्यू या जोड्यांत शिल्लक आहेत. टर्मिनलवर अनवधानाने कंट्रोल-एस दाबले गेले, की पडदा गोठल्यासारखा दिसतो. यंत्र बंद पडले असे समजून वीज बंद करणारे अनेक असतात. प्रत्यक्षात कंट्रोल-क्यू दाबताच थांबलेली अक्षरे वाहू लागतात. ज्या फितीसाठी ही सोय झाली ती फीत केव्हाच इतिहासजमा झाली, परंतु संकेत मागे राहिला.

कागदाची जागा पडद्याने घेतली, तेव्हा कर्सर कोठेही नेणे, ओळ पुसणे, अक्षर ठळक करणे या गोष्टी शक्य झाल्या. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा 'व्हीटी-१००' हा टर्मिनल १९७८ मध्ये आला. ८० स्तंभ व २४ ओळी ही त्याची चौकट पुढे प्रमाण मानली गेली. ८० हा आकडा आयबीएमच्या १९२८ मधील छिद्रपत्राकडून आला होता. पडद्याला आज्ञा देण्यासाठी 'एस्केप' या २७ क्रमांकाच्या संकेताने सुरू होणारे अनुक्रम वापरले जात. मजकूर आणि आज्ञा एकाच वाटेने, एकाच प्रवाहात येऊ लागली. या सोयीतच पुढील अनेक दोषांचे मूळ आहे. मजकुरात चुकून आज्ञेसारखा संकेत आला, तर टर्मिनल तो निमूटपणे पाळतो.

युनिक्स, टर्मकॅप आणि लिनक्स

१९७० च्या दशकात निरनिराळ्या कंपन्यांचे टर्मिनल निरनिराळ्या आज्ञा समजत. प्रत्येकासाठी स्वतंत्र प्रोग्राम लिहिणे अशक्य होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील बिल जॉय यांनी १९७८ मध्ये 'टर्मकॅप' ही टर्मिनलांच्या क्षमतांची सूची तयार केली. पुढे मार्क हॉर्टन यांनी 'टर्मइन्फो' ही सुधारित रचना सिद्ध केली. प्रोग्रामने 'टर्म' या परिवर्तनशील नामातून टर्मिनलचे नाव वाचावे, सूचीत त्याच्या आज्ञा शोधाव्यात व त्या पाठवाव्यात, अशी ही व्यवस्था होय. हा एक प्रकारचा विश्वासाचा करार आहे. टर्मिनलने सांगितलेले नाव खरे आहे की नाही, हे कोणी तपासत नाही. नाव चुकीचे असले तरी बहुतेक आज्ञा सारख्याच असल्यामुळे काम चालते, आणि जी आज्ञा भिन्न असते तेवढ्यापुरताच दोष दिसतो. अनियमितपणाचे हे पहिले ऐतिहासिक कारण होय.

लिनक्सचा उगमही टर्मिनलशीच निगडित आहे. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये घरच्या संगणकावरून विद्यापीठाच्या युनिक्स यंत्राशी जोडून घेण्यासाठी टर्मिनलचे अनुकरण करणारा प्रोग्राम लिहिला. त्यातूनच पुढे प्रणालीचा गाभा वाढत गेला. ब्रायन फॉक्स यांचा 'बॅश' हा आज्ञा-कवच प्रोग्राम, म्हणजेच शेल, १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. लिनक्सने तो स्वीकारला. आता भौतिक टर्मिनल उरला नाही. त्याच्या जागी खिडकीत चालणारा व व्हीटी-१०० चे सोंग घेणारा प्रोग्राम आला. यंत्र गेले, पण त्याची वागणूक शिल्लक राहिली.

पुण्यातील प्रयत्न : जिस्ट आणि इस्की

भारतीय लिप्या या चौकटीत आणण्याचा प्रयत्न लिनक्सच्या पूर्वीच सुरू झाला होता. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आर. एम. के. सिन्हा व मोहन तांबे यांच्या कार्यातून 'जिस्ट' तंत्रज्ञान आकारास आले. या नावाच्या आरंभीच्या विस्तारात 'भारतीय लिपी टर्मिनल' हे शब्दच होते, ही बाब बोलकी आहे. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, स्थापन झाले व जिस्टचे कार्य तेथे वाढले.

केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये 'इनस्क्रिप्ट' कळफलक पुढे आणला. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने 'इस्की' ही संकेतप्रणाली प्रमाणित केली. इस्कीमध्ये ८ बिटांच्या संकेताचा वरचा अर्धा भाग भारतीय लिप्यांना दिला होता. मूळ वर्ण व मात्रा यांना प्रत्येकी एक संकेत, आणि जोडाक्षर कसे दिसावे हे दाखविणाऱ्या यंत्राचे काम, अशी ही विचारसरणी होती. लिहिणे आणि दाखविणे या दोन क्रिया तिने प्रथमच स्पष्टपणे वेगळ्या केल्या. 'आष्टी' हे नाव इस्कीत ५ बाइटांचे, पण उच्चारात दोनच अक्षरांचे. पाच संकेतांची किती घरे करायची, हा प्रश्न येथेच उभा राहिला.

१९९१ मधील युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतील देवनागरी विभागाची मांडणी इस्कीच्या १९८८ मधील आवृत्तीवर बेतलेली होती. तथापि महाराष्ट्रातील कार्यालये व मुद्रणालये यांत दीर्घकाळ चालले ते निराळेच तंत्र. रोमन संकेतांवर देवनागरीचे आकार बसविणारे फॉन्ट सर्वत्र पसरले. त्यांत मजकूर पडद्यावर व कागदावर सुबक दिसे, परंतु तो फॉन्ट नसेल तेथे मराठीच्या जागी रोमन अक्षरांची निरर्थक रांग उरे. त्या काळी सिद्ध झालेला कितीतरी मजकूर आज लिनक्सच्या टर्मिनलवर उघडला असता वाचता येत नाही. तेथे टर्मिनल बिघडलेला नसतो. त्या धारिकेत देवनागरी कधी नव्हतीच, केवळ तिचे चित्र होते.

युटीएफ-८ आणि मराठी लिनक्स

सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी 'युटीएफ-८' ही युनिकोडची बाइट-रचना सिद्ध केली. रोमन अक्षरास एक बाइट, देवनागरी चिन्हास तीन बाइट, अशी तिची वाटणी आहे. जुन्या आस्की धारिका तशाच चालत राहाव्यात, हा हेतू तिने साध्य केला. केंब्रिज येथील मार्कुस कून यांनी प्रत्येक युनिकोड चिन्ह टर्मिनलवर किती घरे व्यापते, हे ठरविणारी एक छोटी क्रिया मुक्तपणे उपलब्ध करून दिली. ती अनेक टर्मिनलांनी स्वीकारली. सप्टेंबर २००२ मध्ये रेड हॅट लिनक्सच्या आठव्या आवृत्तीने युटीएफ-८ हीच प्रमाण रचना केली.

याच दशकात मराठीसाठी पायाभूत कामे झाली. इंडलिनक्स या उपक्रमातून भारतीय भाषांच्या स्थानिकीकरणास चालना मिळाली. रेड हॅटने 'लोहित' फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिले. सी-डॅकच्या सहभागातून जानेवारी २००७ मध्ये 'बॉस' ही भारतीय लिनक्स प्रणाली प्रसिद्ध झाली. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील कन्नन मौद्गल्य यांच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिनक्सचे पाठ मराठीतूनही उपलब्ध केले. २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत 'ॲ' या मराठी स्वरास स्वतंत्र स्थान मिळाले. तत्पूर्वी तो 'अ' व चंद्र अशा दोन चिन्हांनी लिहिला जाई. दोन्ही लेखने डोळ्यांस सारखी दिसतात. मात्र पहिले ३ बाइटांचे तर दुसरे ६ बाइटांचे असल्यामुळे एका रूपाने शोध घेतला असता दुसरे रूप सापडत नाही.

बीड जिल्ह्यातील तालुक्यांची नावे : एक पडताळणी

वरील विवेचनाची प्रचीती यावी म्हणून जिल्ह्यातील ११ तालुक्यांची नावे घेतली आहेत. स्तंभसंख्या कून यांच्या नियमाने काढली आहे. या नियमानुसार वर्णाच्या वर वा खाली बसणारी चिन्हे, उदाहरणार्थ अनुस्वार, एकार, उकार व हलन्त, शून्य घरे घेतात. काना, वेलांटी व ओकार यांना मात्र एक घर मिळते.

तक्ता क्र. १

| तालुका | उच्चारी अक्षरे | युनिकोड चिन्हे | बाइट | स्तंभ |
|---|---|---|---|---|
| बीड | २ | ३ | ९ | ३ |
| आष्टी | २ | ५ | १५ | ४ |
| पाटोदा | ३ | ६ | १८ | ६ |
| शिरूर | ३ | ५ | १५ | ४ |
| गेवराई | ४ | ६ | १८ | ५ |
| माजलगाव | ५ | ७ | २१ | ७ |
| वडवणी | ४ | ५ | १५ | ५ |
| धारूर | ३ | ५ | १५ | ४ |
| केज | २ | ३ | ९ | २ |
| अंबाजोगाई | ५ | ९ | २७ | ८ |
| परळी | ३ | ४ | १२ | ४ |

तक्त्यावरून तीन गोष्टी लक्षात येतात. पहिली, एकाच नावाची 'लांबी' चार प्रकारे मोजता येते आणि हे चारही आकडे जुळतील असे एकही नाव यात नाही. दूरटंकयंत्रावर रोमन लिपीतील नावाची ही चारही मापे बहुतांशी एकच होती. दुसरी, 'बीड' व 'केज' ही दोन्ही नावे उच्चारात दोन अक्षरांची, तीन चिन्हांची व नऊ बाइटांचीच आहेत, पण पडद्यावर एकास तीन व दुसऱ्यास दोन घरे मिळतात, कारण वेलांटीला घर आहे आणि एकाराला नाही. तिसरी, 'आष्टी'तील 'ष्टी' हे एकसंध जोडाक्षर तीन घरांत पसरते. फॉन्टने ते जोडून काढले तर पुढे मोकळी जागा उरते, आणि टर्मिनलला जोडाक्षर काढताच येत नसेल तर ते हलन्तासह सुटे दिसते.

व्यवहारातील परिणाम असा. सी भाषेतील 'प्रिंटएफ' ही क्रिया रकान्याची रुंदी बाइटांत मोजते. रकाना ३० चा ठेवला, तर 'केज'च्या ९ बाइटांनंतर २१ रिकाम्या जागा सोडल्या जातात आणि रकाना पडद्यावर २३ स्तंभांचा होतो. 'अंबाजोगाई'च्या २७ बाइटांनंतर केवळ ३ जागा सुटतात आणि तोच रकाना ११ स्तंभांचा होतो. एकाच यादीत पुढील आकडे १२ घरे मागेपुढे सरकतात. त्याच यादीत नावे रोमन लिपीत असतील तर सर्व काही सरळ दिसते. यामुळे 'मराठी घातले की बिघडते' असा समज होतो. बिघाड मराठीत नसून मोजमापात आहे.

यात आणखी एक गुंतागुंत आहे. काही नव्या प्रोग्राम-संचांनी काना व वेलांटी यांनाही शून्य घरे देण्यास सुरुवात केली आहे. त्या हिशेबाने 'बीड' दोन घरांचे ठरते. टर्मिनल एका नियमाने व त्यात चालणारा संपादक दुसऱ्या नियमाने मोजू लागला, की प्रत्येक वेलांटीगणिक कर्सर एका घराने भरकटतो. जोडाक्षरास एकच अक्षरसमूह मानण्याचा नियम तर युनिकोडमध्ये २०२३ मधील १५.१ या आवृत्तीत आला. तोपर्यंत 'ष्टी' हा प्रमाण नियमानेही दोन तुकड्यांचा समूह होता.

मराठीचे आणखी एक वैशिष्ट्य येथे नोंदविणे आवश्यक आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र व 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. दोहोंतील भेद केवळ रफार व अर्धा 'ऱ' यांच्या आकारात आहे. 'शेतकऱ्यांची यादी' हा शब्दसमूह शासकीय कागदपत्रांत पदोपदी येतो. आकार जुळविण्याची क्षमता नसलेल्या टर्मिनलवर तो 'ऱ' सुटा व हलन्तासह दिसतो. वाचणारा अडखळतो, पण मजकूर शुद्ध असतो. अशा वेळी मजकूर 'दुरुस्त' करू पाहणाऱ्याच्या हातून तो प्रत्यक्षात बिघडण्याचा संभव असतो.

अनियमित दोषांचे निदान

दृश्यदोषाचा शोध घेताना तो कोणत्या थरात आहे, हे प्रथम ठरवावे लागते. इतिहासक्रमाने एकावर एक चढलेले सहा थर मानता येतात : टर्मिनलची अवस्था, गाभ्यातील ओळ-नियंत्रण, शेलचा हिशेब, टर्मिनलचे नाव, संकेतप्रणाली व फॉन्ट.

(अ) *टर्मिनलची अवस्था.* मजकूर नसलेली धारिका पडद्यावर ओतली असता तिच्यातील १४ क्रमांकाचा बाइट 'दुसरा वर्णसंच घ्या' अशी आज्ञा ठरू शकतो. व्हीटी-१०० च्या परंपरेत हा संच रेखाचित्रांचा आहे. त्यामुळे पुढील लहान अक्षरांच्या जागी रेघा व कोन उमटतात. असा बाइट प्रत्येक धारिकेत नसल्याने दोष क्वचित दिसतो. 'रीसेट' ही आज्ञा, ती पडद्यावर वाचता येत नसली तरी, टंकून दिली असता टर्मिनल पूर्वस्थितीवर येतो.

(आ) *ओळ-नियंत्रण.* एखादा प्रोग्राम मध्येच कोसळला तर त्याने बदललेली स्थिती तशीच राहते. टंकलेले दिसत नाही, पण आज्ञा चालते. यावर 'एसटीटीवाय सेन' ही आज्ञा उपाय आहे. एंटर कळही मानली जात नसेल तर कंट्रोल-जे दाबावे, कारण ओळसमाप्तीचा मूळ संकेत तोच होय. याच थरात 'आययूटीएफ-८' हे चिन्ह येते. ते लिनक्सच्या २.६.४ या आवृत्तीत, २००४ मध्ये, आले. ते बंद असेल तर खोडण्याची कळ तीन बाइटांच्या 'ज'मधील एकच बाइट खोडते व अर्धवट अक्षर मागे उरते. बॅश स्वतःचे ओळ-संपादन करीत असल्याने तेथे हा दोष दिसत नाही. साध्या प्रोग्रामला माहिती देतानाच तो प्रकटतो. तोच संगणक व तीच कळ असूनही परिणाम भिन्न होतो, त्याचे कारण हे आहे.

(इ) *शेलचा हिशेब.* बॅशच्या प्रॉम्प्टला रंग देण्याची हौस सर्वत्र आहे. रंगाचे संकेत जागा घेत नाहीत, हे शेलला विशिष्ट कंसचिन्हांनी सांगावे लागते. ते राहिले तर शेल प्रॉम्प्टची लांबी वास्तवापेक्षा अधिक धरतो. आखूड आज्ञांत काहीच कळत नाही. आज्ञा लांबून ओळ दुमडण्याची वेळ आली, की ती अकाली दुमडते व आधीच्या मजकुरावर लिहिली जाते. खिडकीचा आकार बदलल्यावर जुनी स्तंभसंख्या धरून चालणाऱ्या प्रोग्राममध्येही असेच घडते. क्रमिक तारेने जोडलेल्या कन्सोलवर तर आकार कळविण्याची सोयच नाही. तेथे तो हाताने सांगावा लागतो.

(ई) *टर्मिनलचे नाव.* दूरच्या यंत्राशी जोडल्यावर 'टर्म'मधील नाव तेथील सूचीत नसेल, अथवा 'स्क्रीन' वा 'टीमक्स' यांच्या आत बाहेरील टर्मिनलचेच नाव लादले गेले असेल, तर पूर्ण पडदा वापरणारे प्रोग्राम तेवढे बिघडतात. साध्या आज्ञा सुरळीत चालतात.

(उ) *संकेतप्रणाली.* मराठीची 'एमआर-आयएन' ही स्थानिकता स्थापित नसलेल्या यंत्रावर प्रणाली मूळ 'सी' स्थितीत चालू शकते. तेव्हा जुन्या सूची-आज्ञेत 'केज' नावाच्या धारिकेच्या जागी नऊ प्रश्नचिन्हे दिसतात. प्रश्नचिन्हांची संख्या बाइटांच्या संख्येइतकी असणे हीच निदानाची खूण होय. धारिका मात्र सुरक्षित असते. 'लोकेल' ही आज्ञा दोन्ही यंत्रांवर देऊन तुलना केली असता फरक चटकन सापडतो.

(ऊ) *फॉन्ट.* चिन्ह ओळखले, पण आकार नाही, तर रिकामी चौकट दिसते. लिनक्सच्या मूळ मजकुरी कन्सोलवर एका वेळी अधिकाधिक ५१२ आकार बसतात व जोडाक्षरे घडविण्याची सोय नाही. त्यामुळे खिडकीत उत्तम दिसणारी मराठी नावे सर्व्हरच्या थेट पडद्यावर दिसत नाहीत. भारतीय लिप्यांचे आकार जुळविण्याची सोय असलेला 'एमएलटर्म'सारखा टर्मिनल वापरून पाहिल्यास दोष फॉन्टचा आहे की मजकुराचा, याचा निवाडा होतो.

या सर्वांत एक सूत्र समान आहे. पडद्यावर दिसते ते एका अवस्थेचे फलित असते, केवळ शेवटच्या आज्ञेचे नव्हे. म्हणून दोष दिसताक्षणी शेवटची आज्ञा दोषी ठरविणे अयोग्य होय. मजकुराचे प्रत्यक्ष बाइट 'ओडी' या आज्ञेने तपासले म्हणजे लिहिलेले बरोबर आहे की नाही, हे प्रथम कळते. ते बरोबर असेल तर शोध दाखविण्याच्या थरांपुरता मर्यादित होतो.

लिपी, दप्तर आणि वाचनीयता

माध्यमाची चौकट व लेखन यांचा संबंध बीड जिल्ह्यास नवा नाही. अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत यांची सुमारे ४० फूट लांबीची पासोडी प्रसिद्ध आहे. कापड हेच पृष्ठ मानून त्यांनी त्यावर 'पंचीकरण' लिहिले. तेथे माध्यमाने लेखनापुढे मान तुकवली. टर्मिनलच्या इतिहासात नेमके उलट घडले.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संस्थानच्या कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली. मराठी नोंदी मोडीत लिहिल्या जात. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला आणि देवनागरी मराठी ही कारभाराची भाषा झाली. एका पिढीचे दप्तर पुढील पिढीस वाचता येईनासे झाले. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मराठवाड्यातील निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा मोडी व उर्दू जाणणाऱ्यांची निकड साऱ्या विभागास जाणवली. नोंद होती, परंतु ती वाचणारे अल्प होते.

मोडी लिपीस युनिकोडमध्ये २०१४ च्या ७.० या आवृत्तीत स्थान मिळाले. तिचे प्रत्येक चिन्ह युटीएफ-८ मध्ये ४ बाइटांचे आहे. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते व तिचे अक्षर शेजारच्या अक्षरानुसार आकार बदलते. या नोंदींचे अंकीकरण, लिप्यंतर व शोध यांसाठी मुक्त प्रणाली वापरावयाची, तर चौकटीचा प्रश्न तीन लिप्यांच्या संदर्भात पुन्हा उभा राहणार आहे. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. नोंदी कागदावरून संगणकात जसजशा जातात, तसतशी 'दिसणे' व 'असणे' यांतील भेद ओळखण्याची जबाबदारी वाढत जाते. प्रश्नचिन्हे दिसणारी धारिका निरुपयोगी समजून पुसून टाकली गेली, तर ती हानी कोणत्याही आज्ञेने भरून येत नाही.

निष्कर्ष

१. लिनक्स टर्मिनलवरील अनियमित दृश्यदोष हे बहुतांशी दूरटंकयंत्र व व्हीटी-१०० यांच्या काळातील गृहीतकांचे अवशेष आहेत. ते अनियमित भासतात, कारण गृहीतक मोडणारी परिस्थितीच अधूनमधून निर्माण होते.

२. देवनागरीत बाइट, चिन्ह, अक्षर व स्तंभ ही चार मापे भिन्न आहेत. बीड जिल्ह्यातील ११ तालुक्यांपैकी एकाही नावात ती चारही जुळत नाहीत. मराठी तक्ते वाकडे होण्याचे कारण हे आहे.

३. इस्की व जिस्ट यांनी लेखन व दर्शन यांत केलेला भेद हे भारतीय संगणनाचे महत्त्वाचे वैचारिक योगदान होय. फॉन्टवर आधारित लेखनाने तो पुसट केला व युनिकोडने पुन्हा प्रस्थापित केला.

४. निदान थरांच्या क्रमाने करावे. प्रथम मूळ बाइट तपासावेत व मजकूर शाबूत असल्याची खात्री होईपर्यंत त्यात कोणताही बदल करू नये.

५. महाविद्यालयांतील संगणकशास्त्र, इतिहास व मराठी या विभागांनी एकत्र येऊन स्थलनामे, व्यक्तिनामे व जुन्या नोंदी यांच्या आधारे टर्मिनल व प्रोग्राम-संचांची पडताळणी करावी. 'आष्टी' नीट दिसते की नाही, हे पाहण्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. मात्र ते पाहण्याची गरज आष्टीबाहेरच्या कोणास आपणहून वाटेल, असा अनुभव इतिहासात नाही.